बद्द वाजलेला राणीछाप

सराफाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाकडे सोन्याच्या गोष्टी असणार, असं लोक धरून चालतात. त्यांचा सुरुवातीलाच विरस करतो. माझं आयुष्य चांदीत गेलं, आणि तेही मोडीच्या चांदीत. चिंचवडच्या बाजारात अण्णांचं दुकान होतं. पुढे गादी, गादीवर अण्णा, त्यांच्या डाव्या हाताला तराजू आणि तराजूमागे मी. लोक मला पारखी म्हणायचे. आतल्या अंगाला शेगडीपाशी इब्राहिमचाचा डाक लावायचे, म्हणजे तुटलेला दागिना सांधायचे. चाचा मूळचे कासारवाडीचे. बोलायला लागले की अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि दोन्ही चुकीचं, पण ऐकत राहावंसं वाटायचं.

मी सांगतोय ती पन्नास ते साठ या दशकातली गोष्ट. पिंपरीकडे कारखान्यांच्या चिमण्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. बाजारातला रुपया निकेलचा झाला होता, लोक त्याला सरळ 'लोखंडी' म्हणत. चांदीचा रुपया व्यवहारातून उठला आणि उतरंडीत, देव्हाऱ्यात, बायकांच्या गळ्यात जाऊन बसला. तिथून निघाला की यायचा माझ्यासमोर, आणि प्रश्न ठरलेला असायचा, "एवढं बघा, किती येतील?"

जुनं नाणं म्हणजे घबाड, हा समज तेव्हाही होता. एक आजोबा राणीछाप रुपया घेऊन आले. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. त्यांना जाणून घ्यायचं होतं, की या रुपयात जुने पैसे भरलेत की नवे? मी म्हटलं, "आजोबा, पूर्वी चौसष्ट होते, आता रुपयाचे शंभर झाले." आजोबांनी रुपया उचलून धोतराच्या सोग्यात बांधला. "मंग वाढतोय म्हना की. ऱ्हाऊ द्या आनखी थोडं दिस," म्हणाले आणि निघून गेले. त्यांची समजूत घालायला अण्णा अर्धे उठले होते, ते हसत पुन्हा बसले.

दुसरे एकजण आकुर्डीकडचे. पाया खणताना त्यांना मडकं लागलं होतं. त्यातली नाणी हातघडीची, वेडीवाकडी, शंभर टक्के जुनी. पण माझ्यापुढे ओतली तेव्हा लखलखत होती आणि त्यांच्यावर एक अक्षर शिल्लक नव्हतं. राख आणि चिंच लावून घरच्या सगळ्यांनी मिळून घासली होती. मी कपाळाला हात लावला. चांदीचा भाव वेगळा आणि अक्षरांचा वेगळा, पुण्यातले शौकीन लोक अक्षरांचे पैसे देतात, तेवढेच तुम्ही धुऊन टाकलेत, असं त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "मळकी लक्ष्मी दुकानात कशी आनायची हो?" आम्ही तरी काय करत होतो? मोडीत घेतलेली नाणी शेवटी चाचांच्या मुशीत जायची आणि लगड होऊन बाहेर पडायची. राजे, राण्या, उर्दू अक्षरं, सगळं एकाच रसात. आज त्याची हळहळ वाटते. तेव्हा ते कामच होतं आणि कामाच्या वेळी हळहळ सुचत नाही.

आता धंद्याची थोडी माहिती देतो, म्हणजे पुढची भानगड समजेल. रुपया खरा की खोटा हे बघायचे आमचे मार्ग साधे होते. आधी डोळ्यांनी बघायचं, मुख्यतः कडेचे कंगोरे. मग अंगठ्याच्या नखावरून उडवून फरशीवर टाकायचा आणि आवाज ऐकायचा. खरी चांदी गोड वाजते आणि आवाज जरा रेंगाळून विरतो. खोटं नाणं बद्द वाजतं. मग वजन. जुना रुपया बरोबर तोळ्याचा असायचा, इतका की खेडोपाडी वजनाची मापं नसली तर लोक रुपयाच तराजूत टाकत. आणि शंका उरलीच तर कसोटीच्या काळ्या दगडावर घासून त्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकायचा. चांदी असेल तर रेघ दह्यासारखी पांढरी फुटते.

यातल्या आवाजाच्या परीक्षेवर लोकांचा फार भरवसा, कारण ती घरी करता येते. आणि नेमकी तीच कधी कधी फसवते. हे मला शिकवलं पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी बाईंनी. त्यांनी आपल्या रुपयाला कडी बसवून मागितली, म्हणजे माळेत ओवता यावा. चाचांनी कडीला डाक लावली, उजळून दिला. बाईंनी तो फरशीवर आपटला आणि दुकान डोक्यावर घेतलं. "मेरा रुपया बोलता था. ये गूंगा है. बदल दिया तुम लोगों ने." चाचा शेगडीपासून उठून आले. "बहनजी, इसने आग देखी है. आग बघितल्यावर चांदी गप्प होते." बाईंना ते पटेना. शेवटी त्यांनी दुसरा रुपया काढला, आधी वाजवून सगळ्यांना ऐकवला, आणि शेगडीपाशी ठाण मांडून चाचांकडून त्यालाही कडी लावून घेतली. तोही मुका झाला. मग मात्र त्या इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना चाचांच्या हातावर पापडांची पुडी ठेवून गेल्या.

हे ध्यानात असू द्या. कारण त्याच उन्हाळ्यात दगडूतात्या आले.

तात्या भोसरीचे. घरची शेती, आवाज पहाडी, आणि हातात येईल ते नाणं वाजवून बघायची सवय. किराणा दुकानातून सुट्टे परत मिळाले तरी उंबऱ्यावर आपटत. वाजवताना मान तिरकी करून उजवा कान खाली आणत, ते बघायला बाजारातली माणसं थांबायची. त्या दिवशी ते पायऱ्या चढले ते तणतणतच. मागे त्यांची मुलगी हौसा, आणि तिच्या मागे पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेली एक बाई. तिला मी ओळखत होतो. तळवड्याच्या भागूबाई. होणाऱ्या सुनेसाठी जोडवी त्यांनी आमच्याकडूनच नेली होती. मुलगा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागला होता. नवरा नव्हता.

"अण्णा," तात्या गादीवर बसायच्या आधीच म्हणाले, "पोरीच्या हातावर खोटा रुपाया ठिवला ह्या लोकांनी. सुपारी फुटली, साखर वाटली, आन् घरी जाऊन वाजवतो तर बद्द. आज हितं सगळ्यांम्होरं पारख करा. खोटा निगाला तर लगीन मोडलं."

भागूबाई खाली बघून म्हणाल्या, "खोटा न्हाई वो तात्या. देवाची आन."

"देवाला कशाला मधी घालता? फरशी हाय की."

अण्णांनी मला खूण केली. मी रुपया मागितला, तर तात्यांनी मुलीकडे बोट केलं. त्यांच्याकडच्या बायकांचा एक शिरस्ता होता. ठरलेल्या मुलीच्या हातावर रुपया पडला की तो तिने लग्न लागेपर्यंत पदराच्या गाठीत सांभाळायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. म्हणून रुपया तपासायचा तर मुलीला बाजारात आणणं भाग होतं. तात्यांनी घरी रुपया वाजवला तोसुद्धा तिच्याच हातून, उंबऱ्यावर टाकायला लावून.

हौसाने गाठ सोडली. मुलगी सावळी, शांत, पण डोळे असे की काही सुटायचं नाही. तिने रुपया स्वतःच फरशीवर टाकला. थप्प. एखादी पाटी पडावी तसा आवाज. रस्त्यावरून आत डोकावणाऱ्यांनीही माना हलवल्या.

"ऐकलंत?" तात्या म्हणाले.

भागूबाईंचा चेहरा पांढरा पडला. मलाही क्षणभर वाईट वाटलं. त्या काळात ठरलेलं लग्न मोडलं की बोल मुलीलाच लागायचा, आणि फसवणुकीवरून मोडलं तर मुलाच्या घराला पुन्हा कुणी उंबरा ओलांडू दिला नसता. एवढं सगळं एका राणीछापावर येऊन ठेपलं होतं.

हौसाच्या परवानगीनेच मी तो हातात घेतला. राणीचा मुखवटा झिजून गुळगुळीत झालेला. वजन केलं, तोळ्याला जेमतेम गुंजभर कमी, म्हणजे झीज धरली तर चोख. कसोटीवर ओढला, तेजाब टाकलं, रेघ पांढरीशुभ्र फुटली. नाणं सोळा आणे खरं होतं. मग वाजत का नव्हतं? मी कड अंगठ्याने चाचपत गेलो. कंगोरे, कंगोरे, कंगोरे, आणि राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर एक जागा सपाट. तिथे कानस फिरली होती.

मला ती सिंधी बाई आठवली. या रुपयानेही कधीतरी आग पाहिली होती. त्याला कडी होती आणि कुणीतरी ती घासून काढली होती. मी मान वर केली. उन्हाळ्याचे दिवस, दुकानात चाचांची शेगडी पेटलेली, आणि भागूबाईंनी पदर गळ्याभोवती थंडीतल्यासारखा आवळून धरलेला. त्यांची आणि माझी नजरानजर झाली. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको अशी.

आमच्या धंद्याचा एक अलिखित नियम होता. दागिना कुणाच्या अंगावरून उतरला हे सराफाने कधी बोलायचं नाही. मोडीला आलेल्या प्रत्येक पाटलीमागे एक घर असतं आणि ते घर उद्याही त्याच गावात राहणार असतं. शिवाय इथे खरं सांगणंही अवघड होतं. मुलाच्या आईला गळ्यातला रुपया काढावा लागला हे कळलं, तर तात्या म्हणणार, अशा घरी माझी पोर काय खाणार? न सांगावं तर खोटेपणाचा डाग तसाच.

मी एवढंच म्हटलं, "तात्या, नाणं खरं आहे. वजन बघितलं, कस बघितला. दुकान हे आत्ता मोडीच्या भावाने घ्यायला तयार आहे."

"व्हय," अण्णांनी दुजोरा दिला. "आत्ता घेतो. रुपयाच्या वर पैसे देतो."

सराफ स्वतःचे पैसे द्यायला तयार झाला, म्हणजे त्यापुढे दाखला नाही. पण तात्यांचा भरवसा कानावर. त्यांनी कमरेचा कसा सोडला आणि आतून एक रुपया काढला. "ह्यो माज्या बापानं दिल्याला. जावयाच्या हातावर ठिवायचा म्हनून जपून ठिवलाय. खरा रुपाया कसा बोलतो, ते ऐका."

त्यांनी तो असा टाकला की सगळं दुकान निनादलं. देवळातली घंटाच. तात्या मान तिरकी करून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं. आवाज थांबायचं नाव घेईना.

थांबेना, म्हणूनच माझे कान टवकारले. चांदी इतकी बडबडी नसते. मी आत बघितलं. चाचांनी हातातला चिमटा खाली ठेवला होता आणि ते मिशीत हसत होते.

"तात्या," मी म्हटलं, "तुमच्या रुपयाचा आवाज फारच मोठा आहे हो."

"मोटा म्हंजी चांगलाच की."

"बघू या." मी तराजू उचलला. एका पारड्यात हौसाचा मुका रुपया ठेवला, दुसऱ्यात तात्यांचा. दांडी सोडली. मुका रुपया सावकाश खाली बसला आणि तात्यांचा वर गेला, तो वरच राहिला. तात्यांनी स्वतः पारडं बोटाने दाबून पाहिलं. सोडलं की पुन्हा वर. मग मी त्यांना विचारून त्यांचा रुपया कसोटीवर जरा जोरात ओढला. वरचा पांढरा मुलामा गेला आणि खाली तांबूस रेघ उमटली. कासं होतं. ज्याची झांज करतात ते. वाजणारच.

तात्या गादीवर बसले. बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते. मला वाटलं होतं चिडतील, पण ते हळू आवाजात म्हणाले, "बापानं दिल्याला हाय. त्याला बी कुनी असाच दिला आसंल. त्यो बी वाजवूनच घ्यायचा." आणि मला पहिल्यांदाच तात्यांबद्दल माया वाटली.

पण माणूस हार मानणाऱ्यातला नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "बरं, माजा खोटा. कबूल. पर ह्यो खरा आसून वाजत का न्हाई, ते बी सांगा. त्याबिगर माज्या मनातलं जानार न्हाई."

"जुना आहे तात्या. झिजलाय."

"झिजल्यालं वाजतं. मला शिकवू नका."

वाजतं, हे खरंच होतं. मी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी छताकडे. भागूबाईंनी पदर आणखी आवळून घेतला. आणि तेवढ्यात हौसा बापाकडे वळून बोलली.

"दादा, त्याला कडी व्हती."

तात्या वळले. "काय व्हती?"

"कडी. माळंतली. कडंला घासल्याली जागा हाय. हातावर ठिवला त्याच दिशी माज्या अंगठ्याला लागली." तिने बापाकडे नाही, भागूबाईंकडे पाहिलं. "तुमच्या गळ्यातला हाय न्हवं आत्याबाई? लोखंडी रुपाया ठिवायला नको, म्हनून काडला."

भागूबाईंनी पदर सैल केला. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले थोडे रुपये होते आणि बरोबर मधोमध, जिथे सगळ्यात चांगला रुपया असतो, तिथे दोरा मोकळा होता. "जोडव्यात, लुगड्यात गेलं सगळं," त्या म्हणाल्या. "नवा घ्यायला उरलं न्हाई. पर सुनंच्या हातावर निकेल ठिवायचं जिवावर आलं. पोरानं कानशीनं घासून दिला. मी म्हनलं, कुनाला कळायचं न्हाई."

मी तात्यांकडे बघत होतो. आता हा माणूस घरची गरिबी काढतो की काय, अशी धास्ती होती. तेवढ्यात चाचा उठून आले. त्यांनी हौसाला विचारून तिचा रुपया उचलला, ती घासलेली जागा उजेडात धरली, नखाने चाचपली. चाचांच्या तोंडून दुसऱ्याच्या कामाची तारीफ मी कधी ऐकली नव्हती. "तात्या, ये देखो. एक तरी ओरखडा दिसतो का? रेतीचं, कानशीचं काम असं. मुलगा कौन से कारखाने में है? हात फार चांगला आहे पोराचा. ये लडका भूखा नहीं रहेगा."

तात्यांनी शिरस्ता विसरून रुपया हातात घेतला, स्वतःच्या अंगठ्याने ती जागा चाचपली. मग त्यांनी घसा साफ केला. "अण्णा," ते म्हणाले, "एक राणीछाप काडा. खरा. जावयाच्या हातावर ठिवायचाय."

अण्णांनी पेटीतून रुपया काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. तात्यांचा अंगठा सवयीने नख पुढे करून सरसावला आणि मधेच थांबला. त्यांनी रुपया हौसाकडे सरकवला. "तूच बग."

हौसाने तो वाजवला नाही. कडेवरून बोट फिरवलं, तळहातावर तोलला आणि म्हणाली, "चांगला हाय."

आणि मग ती माझ्याकडे वळली. तात्यांनी तिचा रुपया तराजूशेजारी ठेवला होता. "ह्याला कडी लावा," ती म्हणाली, "आन् आत्याबाईंच्या माळंत घाला."

आता तात्याच चपापले. "आगं, गाठीतला रुपाया लग्नाआदी सोडत न्हाईत. कुनाला देत न्हाईत."

"देत कुटं हाय?" हौसा म्हणाली. "त्याच घरात न्हेऊन ठिवतीया. म्होरल्या महिन्यात मी बी तितंच जानार हाय."

भागूबाईंना तेव्हा रडू आवरलं नाही, आणि खरं सांगतो, मीही उगाच तराजूची दोरी सारखी करत बसलो. चाचांनी डाक लावली. घासलेल्या जागेवरच कडी बसवली, आणि मजुरीचं विचारल्यावर ठणकावून पुरेपूर घेतली. लग्नाचं आमंत्रण मात्र लगेच मागून घेतलं. माळ ओवून झाली तेव्हा हौसाने ती आपल्या हाताने भागूबाईंच्या गळ्यात बांधली. पदर परत लपेटायला त्या गेल्या, तर हिने तो खाली ओढला.

ते लोक पायऱ्या उतरायला लागले. भागूबाई पुढे, त्यांच्या प्रत्येक पायरीला माळेतले रुपये एकमेकांवर आपटत होते. कडी लावलेले ते सगळेच मुके, तरी मिळून बोलत होते, आणि त्या आवाजात मधल्याचा आवाज कुठला आणि बाजूच्यांचा कुठला, ते मलासुद्धा, इतकी वर्षं कान तयार केलेल्या माणसालाही, वेगळं काढता आलं नाही.

तात्या शेवटच्या पायरीवर थांबले. त्यांनी मान तिरकी केली, उजवा कान खाली आणला आणि माळ वळणापलीकडे जाईपर्यंत ऐकत उभे राहिले. मग त्यांच्या मागे चालू लागले.